जोडावरची तुळई

आमच्या घराच्या छपरातलं एकही लांब लाकूड अखंड नाही. सरळ खोडाची लांबी कुठेतरी संपतेच, आणि तेवढा ओंडका वर चढवायलाही माणसं लागतात. त्यामुळे बांधणाऱ्यांनी जिथे लाकूड संपलं तिथे दुसरं जोडलं आणि पुढे गेले. घर तीन खणांचं, मध्ये दोन कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोण. त्यांच्यावर आढं, दोन्ही पाखांच्या, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंच्या, मध्यावरून जाणारी एकेक आडवी तुळई, त्यावर वासे, रिपा आणि कौलं. आढं तीन तुकड्यांचं, दोन्ही तुळया तीन-तीन तुकड्यांच्या, आणि एका कैचीची खालची आडवी तुळईसुद्धा मधोमध जोडलेली. म्हणजे एकूण सात सांधे.

मधल्या खणात एक पाख दबल्याचं बाहेरूनही दिसायचं. खालचं लाकडी छत उतरवलं तेव्हा त्याचं कारण समोर आलं. तिथला तुळईचा सांधा खालच्या अंगाला उघडला होता आणि त्याच्या कोपऱ्यातून एक भेग लाकडाच्या लांबीत पळत गेली होती. मिस्त्रींनी पाहिलं आणि लगेच उपाय सांगितला, "ताई, सगळ्या सांध्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारू, बोल्ट घालू. काळजी मिटली." आम्ही बोलावलेले स्ट्रक्चरल इंजिनिअर तेव्हा शिडीवर होते. ते म्हणाले, "मिस्त्री, पट्टी मारायला हरकत नाही. पण या सांध्यावर नेमकं काय येतंय ते आधी बघू. ओढ येतेय, दाब येतोय, की वाक?"

पुढचं सगळं काम या एका प्रश्नाच्या मागे चाललं. बाहेरून दिसायला सातही सांधे सारखेच वाटत होते, दोन तुकडे अर्धे-अर्धे कोरून एकमेकांत बसवलेले आणि बोल्टने आवळलेले. पण कैचीच्या खालच्या तुळईला दोन्ही टोकांकडून ओढ असते, कारण छपराचं वजन कैचीचे तिरके पाय बाहेर ढकलत असतं. पाखाच्या तुळईला वाक असतो. आणि जो सांधा नेमका कैचीच्या डोक्यावर येतो त्याला फक्त टेकून बसायचं असतं. तिघांना एकच औषध देऊन भागत नाही.

आधी मोजमाप. तुळईच्या दोन टोकांच्या टेकांमध्ये सुतळी ताणली आणि मध्यावर अंतर घेतलं. 4.2 मीटरच्या गाळ्यात, म्हणजे दोन टेकांमधल्या अंतरात, 38 मिमीचा झोळ. झोळाची नेहमीची मर्यादा म्हणून गाळ्याला 250 ने भागलं तर 17 मिमीच्या आसपास येतं, म्हणजे हा त्याच्या दुपटीहून जास्त. नुसता आकडा मात्र फारसं सांगत नाही, झोळाचा आकारही बघावा लागतो. लाकडावर वर्षानुवर्षं वजन राहिलं की ते हळूहळू वाकतच जातं, आणि पहिल्या दिवशीचा वाक कालांतराने दीडपट-दुप्पट होणं नेहमीचं आहे. असा वाक धनुष्यासारखा सलग असतो. सुतळीपासूनचं अंतर दर 30 सेंटिमीटरला घेऊन कागदावर मांडलं, तेव्हा शेजारच्या खणांत तुळईची रेघ सलग वळलेली दिसली. मधल्या खणात तिला सांध्यापाशी चक्क कोपरा पडला होता. दोन्ही बाजूंचे तुकडे जवळजवळ सरळ होते, मोडलेली होती ती फक्त त्यांच्यातली जोड. लाकूड थकलेलं नव्हतं, सांधा सरकत होता. माझ्या मते सगळ्या तपासणीत सर्वांत जास्त सांगून गेलेला कागद तोच.

हा सांधा सरकला यात नवल नाही, हे नंतर हिशोबातून कळलं. तुळई 100 मिमी रुंद आणि 200 मिमी खोल. जोड वर-खाली घातलेली, म्हणजे एका तुकड्याची वरची अर्धी खोली आणि दुसऱ्याची खालची अर्धी. सांध्यापाशी प्रत्येक जीभ, म्हणजे कोरून उरलेला भाग, 100 मिमीच खोल राहते. वाकायच्या वेळी लाकडाची ताकद खोलीच्या वर्गावर जाते (1638 साली छापलेल्या लेखनात गॅलिलिओने हे नातं मांडलेलं आहे), आणि ताठपणा खोलीच्या घनावर. खोली निम्मी झाली की ताकद एक चतुर्थांश आणि ताठपणा एक अष्टमांश. तीच जोड डावी-उजवी घातली असती तर प्रत्येक जिभेला पूर्ण खोली मिळाली असती, फक्त रुंदी निम्मी झाली असती. ती जोडही अखंड तुळईची बरोबरी करत नाही, पण वर-खाली घातलेल्या जोडीपेक्षा वाकायला बरीच चांगली. शिवाय कोरलेल्या खाचेच्या आतल्या कोपऱ्यात जोर एकवटतो आणि तिथे तो लाकडाला तंतूंच्या आडव्या दिशेने फाडायला बघतो. त्या दिशेने लाकूड फार अशक्त असतं. म्हणून भेग बरोबर त्याच कोपऱ्यातून निघाली होती.

दुसरी गोष्ट जागेची. दोन टेकांवर पडलेल्या तुळईवर सारखं वजन असेल तर वाकवणारा जोर मध्यावर सगळ्यात जास्त असतो. टोकापासून एक चतुर्थांश अंतरावरही तो मध्याच्या 75 टक्के असतो. टोकापासून एक दशांशावर मात्र 36 टक्क्यांवर उतरतो आणि टेकावर शून्य होतो. जोड घालायचीच तर टेकाच्या जवळ, हे जुने सुतार जाणून होते आणि सातपैकी पाच सांध्यांत त्यांनी ते पाळलेलं होतं. या एका ठिकाणी तुकडा बहुधा आखूड पडला आणि सांधा गाळ्याच्या मध्यावर आला.

मिस्त्रींचा एक मुद्दा मलाही पटण्यासारखा वाटत होता: इतकी वर्षं उभं आहे ना, मग उभं राहील. इंजिनिअरांनी याला सरळ उत्तर दिलं. थोडा वेळ जेवढं वजन लाकूड सोसतं, त्याच्या साधारण 60 टक्केच ते दहा वर्षं सतत सोसू शकतं. काळ जातो तशी लाकडाची शिल्लक कमी होत जाते, वाढत नाही. आणि सांधा अजून हलतोय की थांबलाय, हे डोळ्यांनी ठरत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक सांध्यावरून, दोन्ही तुकड्यांवर येईल अशी पेन्सिलची बारीक रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली, फटीची रुंदी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) घेतली, मधल्या खणाला एक राखणीचा टेकू थोडी जागा सोडून उभा केला आणि पावसाळा जाऊ दिला. लाकूड ओलीने आडव्या अंगाने फुगतं आणि वाळल्यावर आकसतं, लांबीत जवळजवळ बदलत नाही. तेव्हा ऋतूप्रमाणे फट थोडी कमी-जास्त होणं साहजिक आहे. बघायचं असतं ते रेघ परत जुळते का. पाच सांध्यांवर ती जुळली. कैचीच्या तुळईतली 6 मिमीची फट होती तेवढीच राहिली. मधल्या खणातला सांधा मात्र मिलिमीटरभर आणखी घसरला आणि मागे आला नाही.

दरम्यान लाकडाची तब्येत. टोच्याने टोचून, मोगरीने ठोकून आवाज ऐकत आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. निरोगी लाकूड खणखणतं, पोकळ झालेलं भद्द आवाज देतं. भिंतीत शिरलेली टोकं, पन्हळीजवळचे वाशांचे पाय आणि सांध्यांच्या आतल्या फटी या तीन जागी ओल साचते, म्हणून वेळ तिथेच द्यावा. दोन सुयांच्या ओलमापकाने बहुतेक ठिकाणी 13 ते 16 टक्के दाखवले. 20 टक्क्यांच्या खाली कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. पन्हळीखालच्या एका वाशाच्या पायात 24 निघाले आणि टोच्या बोटभर आत गेला. भुंग्याची भोकं दोन ठिकाणी होती, पण कडा काळवंडलेल्या आणि खाली ताजी पिवळसर भुकटी नव्हती, म्हणजे जुनी. वाळवीच्या मातीच्या नळ्या कुठेच दिसल्या नाहीत. जिथे बाहेरून काही कळेना तिथे मिस्त्रींनी बारीक ड्रिल मारून निघणारा कीस तळहातावर घेतला. ताजा, कुरकुरीत कीस निघाला तर आत लाकूड आहे, काळी मऊ पूड निघाली तर नाही. या हातांच्या अंदाजाला मी यंत्राच्या आकड्याइतकंच वजन देते.

बोल्ट मात्र जवळजवळ सगळेच सैल होते. लाकूड ओलं असताना आवळलेलं होतं, नंतर ते वाळून आडव्या अंगाने आकसलं. 150 मिमी जाडीचं ओलं लाकूड वाळताना सहज 4-5 मिमी कमी होतं, तेवढी नटखाली जागा होते. वर एवढेसे वॉशर, तेही लाकडात रुतलेले.

आता दुरुस्ती. मधल्या खणातली कौलं उतरवली, निम्मं वजन तिथेच गेलं. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेकू. टेकू उभा करताना तो कुठे उभा आहे हे आधी बघावं लागतं. नाहीतर छपराचा भार जमिनीच्या एका फरशीवर येतो आणि फरशी दबते. खाली जाड फळी आडवी टाकून भार पसरवला. उचलायला आट्याचा जॅक घेतला. तेलाचा जॅक हळूहळू उतरू शकतो, आट्याचा फिरवला तिथेच राहतो. एका दिवसात 2-3 मिमीपेक्षा जास्त उचलायचं नाही, असं ठरलं होतं. लाकडाला आणि भिंतींना सावरायला वेळ हवा. वाशांचे खिळे कुरकुरले की थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुढे. 38 मिमीचा झोळ 15 वर आला, तेव्हा शेजारच्या खणातल्या वाशांची टोकं उचलायला लागली आणि इंजिनिअरांनी हात वर केला. छप्पर सुतासारखं सरळ करायचा मोह मिस्त्रींना होता. पण उरलेला वाक लाकडात कायमचा बसलेला आहे. तो जोर लावून काढला असता तर दुसरीकडे काहीतरी फाटलं असतं. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला.

पट्टी लोखंडी की लाकडी, यावर बोलणं झालं. हिशोब असा: कौलं, रिपा, वासे यांचं वजन आणि वर चढणारी माणसं, वारा धरून चौरस मीटरला 120 किलो. या तुळईवर साधारण 1.8 मीटर रुंदीचं पाख येतं, म्हणजे तिच्या दर मीटरला 216 किलो. 4.2 मीटरच्या गाळ्यात मध्यावर सुमारे 475 किलोग्रॅम-मीटरचा वाक, म्हणजे वाकवणारा जोर (किलोतला जोर गुणिले मीटरमधलं अंतर). दोन्ही बाजूंना 50 मिमी जाड आणि 200 मिमी खोल अशा चांगल्या, कोरड्या, गाठी नसलेल्या लाकडाच्या फळ्या हा वाक एकट्याने घेऊ शकतात. म्हणजे जुन्या सांध्याने काहीच काम केलं नाही तरी चालेल. लाकडाला लाकूड लावलं की दोघं ओलीला सारखंच वागतात आणि थंड लोखंडावर पाणी साचण्याचाही प्रश्न येत नाही. म्हणून इथे फळ्या ठरल्या.

खरा प्रश्न बोल्टांचा होता, आणि इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. फळी वाक घेते ती बोल्टांच्या जोडीतून. सांध्याच्या एका बाजूला बोल्टांचे दोन गट असतात, एक तुळईला वर रेटतो आणि दुसरा खाली. त्या दोन गटांमध्ये 30 सेंटिमीटर अंतर ठेवलं तर प्रत्येक गटावर जवळजवळ 1600 किलोचा जोर येतो. एक मीटर ठेवलं तर 475 किलो. फळी लांब केली, एवढ्यानेच जोर एक तृतीयांशाच्या खाली आला. आखूड जाड पट्टी आणि भरपूर बोल्ट, ही नेहमीची पद्धत म्हणूनच मला आता पटत नाही. जास्त भोकं म्हणजे लाकूड आणखी अशक्त. आमच्या फळ्या तीन मीटरच्या झाल्या. त्याहून लांब करायला कैचीपाशी जागा नव्हती, नाहीतर टेकापासून टेकापर्यंत पूर्ण लांबीची फळी सगळ्यात उत्तम.

बोल्ट 16 मिमीचे. फळीच्या टोकापासून पहिला बोल्ट व्यासाच्या सातपट, म्हणजे 112 मिमी आत. वरच्या-खालच्या कडेपासून चौपट, 64 मिमी. प्रत्येक गटातले दोन बोल्ट एकाच तंतूंच्या रेषेत येऊ दिले नाहीत, एक वर आणि एक खाली घेतला. एका ओळीत आले की लाकूड त्याच ओळीत चिरतं. भोक 17 मिमीचं, त्याहून सैल नाही, कारण भोकातली प्रत्येक मिलिमीटरची मोकळीक झोळ होऊन परत येते. वॉशर 50 मिमीचे आणि 5 मिमी जाड. मिस्त्रींनी तिन्ही लाकडं शिकंज्यांनी आवळून एकदम भोकं पाडली, त्यामुळे बोल्ट हाताने सरकवता आले. फळ्यांचा नैसर्गिक फुगवटा वरच्या बाजूला ठेवायचं त्यांनी न सांगता केलं. खाचेच्या कोपऱ्यातली भेग होती तिच्या आरपार, खालून वर, पूर्ण लांबीला आटे असलेले लांब स्क्रू घातले. अर्ध्या लांबीला आटे असलेले स्क्रू इथे कामाचे नाहीत, भेगेच्या दोन्ही बाजूंना आट्यांची पकड लागते.

कैचीच्या तुळईचा सांधा वेगळ्या स्वभावाचा. ती जोड आकडीची होती, दोन्ही तुकड्यांच्या टाचा एकमेकांत अडकवून मध्ये पाचर मारलेली. एका आकड्याची टाच तंतूंच्या दिशेने सोलून निघाली होती, त्यातून ती 6 मिमीची फट. भिंतीच्या माथ्याला ओळंबा लावला तर भिंत बाहेर 9 मिमी झुकलेली. कैचीचा गाळा 6 मीटर, उंची 2.2 मीटर, आणि तिच्या वाट्याला दर मीटरला 500 किलोच्या घरातलं छप्पर. खालच्या तुळईतली ओढ जवळजवळ एक टन भरते. छप्पर जितकं बसकं, तितकी ही ओढ वाढते. उंची निम्मी असती तर दोन टन. या जागी लाकडी फळी ठेवली नाही. तुळईच्या दोन्ही अंगांनी कैचीच्या एका पायापासून दुसऱ्यापर्यंत 20 मिमीच्या लोखंडी सळ्या घेतल्या, टोकांना जाड प्लेटी, मध्ये टर्नबकल (फिरवून सळी ताणायचा आट्यांचा जोड). ओढ आता सांध्यातून जातच नाही. टर्नबकल हाताने घट्ट करून पान्याने थोडंसं आवळलं आणि तिथेच सोडलं. भिंत मागे खेचायचा प्रयत्न करायचा नाही, हे इंजिनिअरांनी मिस्त्रींना दोनदा बजावलं. झुकलेली भिंत थांबवणं हे काम होतं आणि ते झालं.

कैच्यांच्या डोक्यावरचे जे पाच सांधे होते, त्यांना पट्ट्या लागल्या नाहीत. मिस्त्रींना ते अपुरं वाटलं, पण रेघा जुळलेल्या होत्या. तिथे फक्त प्रत्येक टोक किती टेकलंय ते मोजलं. एक टोक जेमतेम 40 मिमी बसलेलं निघालं, त्याच्याखाली कैचीला ठोकळा बोल्टने लावून टेक 100 मिमीचा केला. सगळ्या सांध्यांचे जुने बोल्ट आवळले, वॉशर मोठे घातले. आणि तुळया कैच्यांना खालून पट्टीने बांधल्या, कारण जोराचा वारा पाख वर उचलतो तेव्हा नुसता टेकलेला सांधा धरून ठेवायला काहीच नसतं. कुजलेल्या वाशाचा पाय निरोगी लाकडापर्यंत कापून त्याला डाव्या-उजव्या जोडीने नवा तुकडा लावला. त्याआधी पन्हळ दुरुस्त केली, नाहीतर नवा पायही कुजला असता.

टेकू काढतानाही जॅक थोडा-थोडाच उतरवला. सगळा भार फळ्यांवर आल्यावर तुळई 3 मिमी खाली बसली, म्हणजे बोल्टांनी भोकांत आपापली जागा घेतली. त्यानंतर रेघा नव्याने ओढल्या.

कोरडे महिने गेल्यावर मिस्त्री पाना घेऊन परत आले. नव्या फळ्या थोड्या आकसल्या होत्या, प्रत्येक नट साधारण अर्धा फेरा फिरला. रेघा जुळलेल्या, झोळ वाढलेला नाही. छताला प्रत्येक खणात एकेक झाकण ठेवलं आहे, म्हणजे वर जाऊन बघता येतं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता सांधा कुठे, त्याची फट किती, बोल्ट कधी आवळले याचा कागद चिकटवला आहे. पुढच्या कोरड्या हंगामानंतर पाना पुन्हा फिरवायचा आहे, आणि पन्हळीजवळच्या वाशाची ओल तेव्हाच मोजायची आहे.